एव्हरीबडी सर

आटपाडीच्या हायस्कुलात मी रुजू झालो त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरलो आणि मोठ्या झोकात म्हणालो, "गुड मॉर्निंग! हाऊ आर एव्हरीबडी?"

मी साताऱ्याचा. वय बावीस, नुकतीच पदवी घेतलेली, विषय गणित. या आडगावात आपलं इंग्रजी ऐकून चार माणसं तरी दबतील अशी माझी समजूत. चार माणसं खरंच दबली. पाचवा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीवरून ताडकन उठला. उंच, काळा, सडसडीत. मिशीची टोकं वर वळवलेली, पायात पलटणीतले बूट. खाडखाड चालत तो माझ्यापुढं आला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला,

"हाऊ इज एव्हरीबडी. इज! बसा आता."

मी बसलो. पुढची तीन वर्षं मी त्यांच्याच खोलीत भाड्यानं राहिलो, आणि आजही चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की 'आर' म्हणण्याआधी मी एकदा खिडकीकडं बघून घेतो.

पोरं त्यांना एव्हरीबडी सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही असावं. फक्त एकदा शाळेच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं 'एव्हरीबडी सर आर मॅड' असं लिहिलं, तेव्हा सर भडकले. सगळा वर्ग भिंतीपुढं उभा केला. खिशातनं खडू काढून 'आर' खोडला, वर 'इज' लिहिलं आणि लांब उभं राहून वाक्य दोनदा वाचलं. "आता ऱ्हाऊ द्या," म्हणाले. ते वाक्य पुढच्या पावसाळ्यापर्यंत भिंतीवर होतं.

सर पंधरा वर्षं पलटणीत होते. भरती झाले तेव्हा जेमतेम सही येत होती. पलटणीच्या शाळेत एका अँग्लो-इंडियन मास्तरानं त्यांना इंग्रजी शिकवलं, आणि मग बाहेरून परीक्षा देत देत ते थेट हायस्कुलात येऊन उभे राहिले. बाकीचं व्याकरण त्यांनी इतरांसारखंच पाठ केलं होतं. पण एव्हरीबडी, समबडी, नोबडी, ईच, आयदर, नायदर या मंडळींवर त्यांचा जीव जडला होता. पुस्तकात यांना अनिश्चित सर्वनामं म्हणतात. सरांना ते नाव मान्य नव्हतं. "ह्यांच्याइतकं निश्चित जगात कायबी न्हाई," ते म्हणायचे. "डोळं झाकून इज लावायचं आन् फुडं व्हायचं." बोथ, फ्यू, मेनी यांना आर लागतं हेही ते शिकवत, पण आवाज न चढवता, दुसऱ्याच्या पलटणीबद्दल बोलावं तसं.

त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं आणि मराठी ठार गावाकडची. दोन्हींमध्ये पायरी नव्हती. "नायदर ऑफ यू इज लिसनिंग," असं गरजून पुढच्याच दमात म्हणायचे, "कान काय बाजारात इकलंसा का रं?"

त्यांच्या वर्गाची हजेरी ऐकायला आम्ही बाकीचे मास्तर मुद्दाम व्हरांड्यात थांबत असू. सर विचारणार, "इज एव्हरीबडी प्रेझेंट?" मग वर्ग एका सुरात ओरडणार, "एव्हरीबडी इज प्रेझेंट, सर!" किंवा "समबडी इज ॲबसेंट, सर!" गावच्या जत्रेच्या दिवशी शाळा चालू ठेवायची असा हुकूम आला. अर्थात वर्गात एकही पोरगं नव्हतं. सर घंटेला वर्गात गेले, रिकाम्या बाकांकडं पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, "नोबडी इज प्रेझेंट," तसं हजेरीपटावर लिहिलं, आणि पाऊण तास खुर्चीत ताठ बसून घंटा झाल्यावरच बाहेर आले.

आमच्या खोलीवर दूध घालायला एक म्हातारी यायची. आम्ही शाळेत असताना ती दारातल्या सावलीत टेकायची, म्हणून सरांनी तिला एक वाक्य शिकवून ठेवलं: कुणी विचारलं तर सांगायचं, नोबडी इज हिअर. म्हातारीनं ते आठ दिवसांत पक्कं केलं. एका रविवारी आम्ही बाहेर गेलो असताना हेडमास्तरांनी सरांना बोलवायला शिपाई धाडला. म्हातारी म्हणाली, "नोबडी इज हिअर." शिपाई परत गेला आणि हेडमास्तरांना म्हणाला, "सर घरात न्हाईत. पर त्यांच्याकडं कुणी नोबडी म्हून पाव्हणं आल्यात." हेडमास्तर वाईचे, अतिशय सभ्य गृहस्थ. संध्याकाळी ते पाहुण्यांसाठी घरचे पेढे घेऊन आमच्या खोलीवर हजर. पेढे आम्ही तिघांनी खाल्ले. पाहुणे नाहीत हे त्यांना सांगायला अर्धा तास लागला, आणि ते पटवून घ्यायला त्यांना आणखी अर्धा.

साताऱ्याची गंमत तर माझ्या डोळ्यांदेखत झाली. सरांची नोकरी कायम व्हायची होती आणि त्यासाठी पलटणीतला एक दाखला साताऱ्याच्या एका कचेरीतून आणायचा होता. माझं घर साताऱ्यात, म्हणून मीही बरोबर गेलो. कचेरीच्या दारावर पाटी होती: 'नोबडी आर अलाउड विदाउट परमिशन.' सर पाटीपुढं उभे राहिले ते हलेचनात. मी म्हटलं, "सर, चला, साहेब जेवायला उठतील." ते म्हणाले, "ह्या पाटीखालनं मी आत जानार न्हाई." शेवटी साहेबच बाहेर आले.

"काय पाहिजे?"

"आर काडून इज पायजे, सायब."

साहेबांना वाटलं, आर आणि इज ही कुठल्या तरी दोन फॉर्मांची नावं आहेत. त्यांनी कारकुनाला हाक मारून फॉर्म शोधायला लावलं. कारकून दोन कपाटं उपसून घामाघूम झाला. तोवर दारातला शिपाई, तोही माजी सैनिकच, कुठून तरी स्टूल आणि रंगाचा डबा घेऊन आला. सरांनी स्वतः पाटी दुरुस्त केली. दोघांनी एकमेकांना कडक सलाम ठोकला आणि मग आम्ही आत गेलो. दाखला पाच मिनिटांत मिळाला.

एवढं सगळं बघून मी एकदा त्यांना विचारलंच. संध्याकाळी आम्ही तलावाच्या बांधावर फिरायला जात असू.

"सर, मराठीत आपण सरळ सगळे आले म्हणतो. इंग्रजीत त्या एव्हरीबडीला एकवचन कशाला?"

"ऑल म्हंजी गर्दी, गड्या," ते म्हणाले. "एव्हरीबडी म्हंजी रांग. हजेरीला समदी पलटण हुबी ऱ्हाती, पर नाव पुकारत्यात येकायेकाचं. आपलं नाव आलं की तेवड्या येळंला समद्या मैदानात आपुन येकलंच."

थोडं चालून गेल्यावर पुढं म्हणाले, "आमच्या वस्तीला गाव 'ती लोकं' म्हणायचं. माझा बा गेला तवाबी गाव काय बोललं? त्यांच्यातलं कोन तरी गेलं. छप्पन सालात आमी धम्म घेतला, तवा घरच्यांला समजलं की आपुनबी कोन तरी हाय. मला त्येच्या आदी पलटणीत समजलं हुतं. माझं नाव, बाचं नाव, आडनाव, समदं पुरं पुकारलं हुतं पयल्या दिशी. मी 'हाजिर' म्हणायचंच इसरलो."

तलावात म्हशी डुंबत होत्या. सरांनी त्यांच्याकडं काठी रोखली. "ईच ऑफ द बफेलोज इज वेट," म्हणाले. "म्हन." मी म्हटलं.

सरांची पस्तिशी जवळ आली तसा त्यांच्या विट्याच्या आत्यानं लग्नाचा घोर लावून घेतला. स्थळ सांगलीचं निघालं. मुलगी नर्स, एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला, सत्तावीस वर्षांची, आणि पाहण्याच्या कार्यक्रमात खाली मान घालून बसायला साफ नकार देणारी. नवरा मुलगा इंग्रजीचा मास्तर आहे म्हणताना तिनं आत्याला सांगितलं, मी त्यांना आधी इंग्रजीतून पत्र लिहीन; उत्तर कसं येतं ते बघून मग पुढचं.

पत्र मधल्या सुट्टीत शाळेत आलं. सरांच्या टेबलावर तेव्हा नववीच्या वह्यांचा ढीग होता. त्यांनी पत्र फोडलं, वाचलं, आणि मला काही कळायच्या आत लाल शाईनं तपासून पाकिटात घालून शिपायाबरोबर टपालात टाकलंसुद्धा.

"काय लिहिलं होतं, सर?" मी हरखून विचारलं.

त्यांना पत्र तोंडपाठ झालं होतं. "एव्हरीबडी इन माय हाऊस से यू आर अ गुड मॅन. बट नोबडी हॅव सीन यू. ईच ऑफ माय ब्रदर्स वॉन्ट मी टू मॅरी सून. नन ऑफ माय फ्रेंड्स आर मॅरीड टू अ टीचर. समबडी हॅव टोल्ड माय मदर दॅट यू आर मॅड. इज इट ट्रू?"

म्हणजे घरातले सगळे तुम्हाला चांगलं म्हणतात, पण पाहिलंय कुणीच नाही; माझ्या प्रत्येक भावाला माझ्या लग्नाची घाई आहे; माझ्या एकाही मैत्रिणीनं मास्तर केलेला नाही; आणि तुम्ही वेडे आहात असं कुणीतरी आईला सांगितलंय, ते खरं का?

"आणि तुम्ही उत्तर काय दिलंत?"

"उत्तर कशाचं? पाच चुका हुत्या. सेज, हॅज, वॉन्ट्स, नन इज, आन् परत हॅज. धापैकी पाच दिलं. खाली सही."

"अहो सर, मुलीचं पत्र होतं ते! लग्नाच्या मुलीचं!"

"मंग? मुलीचं एव्हरीबडी काय दोन असत्यात व्हय?"

"आणि 'इज इट ट्रू' म्हणून विचारलंय, त्याला?"

"त्या वाक्यात चूक न्हवती. बरूबरची खून केली."

मी डोक्याला हात लावला. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. मिशीचं एक टोक खाली आलं. ते हळूच म्हणाले, "आनि शेवटाला, सवयीनं, सी मी आसंबी लिवलंय."

कच्च्या पोरांच्या वहीत ते तसं लिहीत. सी मी, म्हणजे येऊन भेट.

पुढचे आठ दिवस सर वर्गात सोडून कुठंही इंग्रजी बोलले नाहीत. विट्याहून आत्याचं कार्ड आलं. त्यात नुसतं 'काय केलंस मेल्या' एवढंच होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली होती. आम्ही सगळे मास्तर व्हरांड्यात उभे होतो. सांगलीच्या एसटीतून उतरून एक बाई फाटकातून आत आली. पांढरं पातळ, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जड पिशवी, मागं तिचा थोरला भाऊ. तिनं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"इंग्रजीचे सर कोण?"

सर पुढं झाले. टाचा जुळवल्या. तिनं पर्समधून ते पत्र काढलं आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"सी मी म्हणून लिहिलंय. आले."

हेडमास्तर धावत जाऊन स्वतः खुर्ची घेऊन आले. ती बसली नाही. "आधी चुकांचं बघू," म्हणाली. "चार मला कबूल आहेत. नन आरची नाही." तिनं पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. "आमच्या मेट्रनबाईंचं आहे. खुणेचा कागद घातलाय तिथं बघा."

सरांनी पुस्तक उघडलं. एकदा वाचलं. ओळीवर अंगठा ठेवून परत वाचलं. मग पुस्तक घेऊन व्हरांड्यातून खाली उन्हात गेले आणि तिथं उभं राहून तिसऱ्यांदा वाचलं. तिचा भाऊ सांगलीत हळदीच्या गोदामावर होता, साधा माणूस. तो कळवळून म्हणाला, "आगं, आपुन हितं पाव्हणं बघाय आलोय का भांडाय?"

"दादा, जरा थांबा."

सर वर आले. "नन इजबी चालतंय," ते सावकाश म्हणाले, "आनि नन आरबी चालतंय."

"म्हणजे दोघांचंही बरोबर!" हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले. "छान! उत्तम! आता चहा घेऊ."

"न्हाई सर," एव्हरीबडी सर म्हणाले. "ह्यांचं बरूबर हुतं, मी चूक म्हटलं. माझं चुकलं." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पत्रावरचा पाचाचा आकडा खोडून सहा केला, शेजारी सही केली आणि पत्र दोन्ही हातांनी तिला परत दिलं.

तिनं ते पाहिलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही. म्हणाली, "आणि हे शेवटचं? तुम्ही वेडे आहात ते खरं का विचारलंय, त्यापुढं बरोबरची खूण आहे."

"त्ये वाक्य बरूबर हाय, म्हून..."

"म्हणजे खरं आहे?"

सरांनी एकदा हेडमास्तरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. आम्ही दोघांनीही नजर दुसरीकडं वळवली.

"थोडं हाय," सर म्हणाले.

पहिल्यांदा तिचा भाऊ फुटला. तो इतका हसला की व्हरांड्याच्या खांबाला धरून खाली बसला. मग आम्ही सगळे. मग ती. सर तेवढे ताठ उभे होते. पण कान लाल झाले होते, आणि त्यांच्या रंगाला ते सोपं नव्हतं.

चहा झाल्यावर तिनं एकच अट सांगितली. "मी दवाखाना सोडणार नाही. पेशंट माझ्या भरवशावर असतात. आटपाडीत येऊन मी नुसती बसून राहणार नाही." सरांनी अट नीट ऐकून घेतली, आणि ती तीनच्या गाडीनं गेली.

मला वाटलं, आता सर लग्नाचा विचार करतील. सोमवारी त्यांनी भलतंच काढलं. प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं, की नन आर असं लिहिलं म्हणून गेल्या चार वर्षांत मी ज्याचा ज्याचा अर्धा मार्क कापला, तो माझ्याकडून चुकून कापला गेला. मग मार्कांच्या जुन्या वह्या काढल्या आणि शाळा सोडून गेलेल्या पोरांना पोस्टकार्डं लिहायला बसले.

"अहो, लग्नाचं काय ते आधी बघा!" मी ओरडलो.

"आदी हे. पोरांवर अन्याव झालाय."

एकोणतीस कार्डं गेली. उत्तरं महिनाभर येत होती. शिरवळला वडिलांच्या किराणा दुकानात बसणाऱ्या एकानं लिहिलं, की सर, मी इंग्रजीत अकरा मार्कांनी नापास झालो होतो, अर्ध्यानं आता काही होणार नाही. पण तुमचं कार्ड गल्ल्यावर चिकटवलंय आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवतोय. एकीच्या वडिलांनी कळवलं, की पोरीचं लग्न झालं, सासरचा पत्ता देतो, अर्धा मार्क तिकडं पाठवावा. सरांनी पाठवला.

कार्डं संपल्यावर त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं. ते राजीनाम्याचं होतं. नोकरी कायम झाल्याचा कागद त्याच आठवड्यात आला होता. हेडमास्तर हादरले.

"अहो, इतक्या खटपटीनं कायम झालात. आणि बायकोच्या नोकरीमागं नवरा गेलाय असं कुठं ऐकलंय का?"

"आवं सर, पलटणीत बदली झाली की पेटी उचलून जातच हुतो की," सर म्हणाले. "तवा कुनी इच्यारलं न्हाई, कुनाच्या मागं चाललास."

लग्न सांगलीत झालं. साधंच, चाळीस माणसं, पांढरी वस्त्रं, शेवटी लाडू आणि चिवडा. आत्या नव्या सुनेच्या गालावरून सारखा हात फिरवत होती. पुढं सरांना तिथल्याच एका शाळेत तात्पुरती जागा मिळाली आणि ते नर्सांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. त्या ओळीत राहणारे ते एकटेच पुरुष.

वर्षभरानं सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. सर बनियन आणि खाकी अर्ध्या चड्डीवर स्टोव्हपुढं बसून चहा करत होते. मांडीवर तीन महिन्यांची मुलगी, भिंतीला टेकवून वह्यांचा गठ्ठा. बाई ड्यूटीवर निघाल्या होत्या. मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो, तर त्या हळूच म्हणाल्या,

"तुम्हाला एक सांगू? त्या शनिवारी मी नाही म्हणायला आले होते. चांगलं सुनवायचं, तेही इंग्रजीत, म्हणून एसटीत सगळं पाठ केलं होतं. मेट्रनबाईंनी तपासून दिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ह्यांनी 'माझं चुकलं' म्हटलं ना. दादांच्या देखत, हेडमास्तरांच्या देखत, तुम्हा सगळ्यांच्या देखत. मी सात वर्षं दवाखान्यात आहे. डॉक्टर बघितले, कंपाउंडर बघितले, घरात चार भाऊ आहेत. पुरुष माणूस असं उभ्यानं, आवाज न बदलता, माझं चुकलं म्हणतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला पाठ केलेलं एक वाक्य आठवेना."

आवारात घंटा झाली तशा त्या पांढऱ्या बुटांनी पळतच गेल्या. मी आत वळतो तोवर सर दारात. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात बशीनं झाकलेला कप.

"गेली? चा न घेता?" म्हणाले, आणि मुलगी माझ्या हातात कोंबून तशाच बनियनवर आवारातनं धावत सुटले. पायऱ्यांवर बसलेले पेशंटचे नातेवाईक बाजूला झाले, एक म्हातारा लगबगीनं उठून उभा राहिला. कप हिंदकळू नये म्हणून सर एका हातानं बशी दाबून धरत वॉर्डाच्या जिन्यावर दोन-दोन पायऱ्या चढत होते.